सोन्याच्या छोट्या खाणींभोवतीच्या मातीतला किरणोत्सार कसा मोजायचा: मिगोरीला जाणाऱ्या नवख्यांसाठी

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी पर्यावरणातल्या किरणोत्साराकडे वळले, तेव्हा गॅमा किरणांच्या मोजणीवरची पुस्तकं ढिगाने मिळाली. यंत्र कसं चालतं, वर्णपट कसा वाचायचा, सगळं त्यात होतं. खाणीवर उतरल्यावर पहिली पिशवी नेमकी कुठल्या मातीने भरायची, हे मात्र कुठेच नव्हतं. हा लेख त्यासाठी आहे. पश्चिम केनियातल्या मिगोरी काउंटीचं उदाहरण घेतलंय, कारण तो भाग मला माहीत आहे. टांझानिया, घाना किंवा नायजेरियाला जाणार असाल तर कागदपत्रं बदलतील, मातीचं काम जवळपास हेच राहील.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. सोनं किरणोत्सारी नसतं. ज्या खडकात ते सापडतं त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम किती आहे, यावर सगळं ठरतं. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमध्ये सोनं आणि युरेनियम एकाच थरात बसलेलं आहे. तिथे १९५२पासून सोन्याच्या खाणींतून युरेनियमही काढलं गेलं, आणि जोहान्सबर्गभोवतीचे टेलिंग्जचे, म्हणजे खाणीच्या चोथ्याचे, डोंगर आजही डोकेदुखी आहेत. त्या बातम्या वाचून लोक प्रत्येक सोन्याच्या खाणीकडे संशयाने बघतात. मिगोरीचा पट्टा वेगळा आहे. अडीच अब्ज वर्षांहून जुने ज्वालामुखी खडक, लोहयुक्त थर, आणि त्यांत घुसलेला ग्रॅनाइट. काळपट ज्वालामुखी खडकात युरेनियम-थोरियम कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये जास्त. म्हणजे एकाच टेकडीवरचे दोन खड्डे वेगवेगळे आकडे देऊ शकतात. आपण दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेली माणसं. आपल्याकडे किरणोत्साराचा मीटर कुठेही धरला तरी कमीच दाखवतो आणि त्याचीच डोळ्यांना सवय होते. ग्रॅनाइटवर तोच मीटर चढलेला दिसला की घाबरू नका.

## १. आधी प्रश्न ठरवा

‘खाणीजवळच्या मातीत किरणोत्सार किती?’ हा प्रश्न नाही, हा विषय झाला. प्रश्न असा हवा: खाणकामामुळे इथला किरणोत्सार वाढलाय का? किंवा: धुलाईनंतर उरलेल्या चोथ्याने घरं लिंपली तर चालेल का? किंवा: दिवसभर चोथ्याच्या ढिगावर बसणाऱ्या बाईला वर्षाला किरणोत्साराची किती मात्रा मिळते?

तिन्हींसाठी नमुने वेगळ्या ठिकाणचे लागतात. पहिल्याला खाणीइतकेच, किंबहुना जास्तच, खाणीबाहेरचे नमुने हवेत. दुसऱ्याला फक्त चोथा आणि भिंती. तिसऱ्याला माणसं किती तास कुठे बसतात याची नोंद. प्रश्न न ठरवता पन्नास पिशव्या भरून आणणारे बरेच असतात. मग शेवटी सगळ्यांची एक सरासरी काढतात, आणि ती कशाचीच नसते.

## २. कागदपत्रं

कंटाळवाणा भाग आहे, पण सगळ्यात जास्त महिने इथेच जातात.

- नॅकोस्टीचा, म्हणजे केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा, संशोधन परवाना. परदेशी संशोधकाला स्थानिक संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते, म्हणून यजमान विद्यापीठाचं पत्र आधी मिळवा. नैरोबी विद्यापीठातल्या अणुविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत मातीच्या गॅमा मोजणीवर प्रबंध होत आले आहेत, तिथून सुरुवात करता येते.
- लोकांना प्रश्न विचारणार असाल (किती तास काम, घर कशाने लिंपलं) तर नैतिक समितीची मंजुरी. माती मोजायला ही लागत नाही असं समजून लोक जातात आणि मुलाखती वापरता येत नाहीत.
- काउंटी पातळीवर कळवल्याची पोच. नंतर तालुकापातळीवरचे अधिकारी, मग गावातले चीफ. चीफला न भेटता खाणीवर जाऊ नका.
- खाणगटाची संमती. २०१६च्या खाण कायद्याने केनियात हाताने काम करणाऱ्या खाणकामगारांना परवान्याची सोय झाली, तरी प्रत्येक खड्ड्यावर परवाना असेलच असं नाही. तुम्ही सरकारी माणूस नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करा.
- प्रवेशाची परवानगी. जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपूर्व परवानगी घ्यावी लागते. संशोधनासाठी त्याहून वेगळा पास लागेल का, ते यजमान संस्थेकडून लेखी घ्या.
- पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र. केनियातून भारतात परतताना ते दाखवावं लागतं, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ते लागू होतं. नसेल तर विलगीकरणात बसवतात. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरियाही आहे, त्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

दोन सापळे. एक, मीटर तपासायचा सीझियम-१३७चा किंवा कोबाल्ट-६०चा छोटा स्रोत बॅगेत टाकून नेऊ नका. तो कितीही क्षीण असला तरी दोन्ही देशांच्या नियामकांचा विषय आहे, तिथल्या प्रयोगशाळेतलाच वापरा. दोन, माती पुण्याला आणून मोजू असं ठरवू नका. माती भारतात आणायला वनस्पती-विलगीकरणाच्या २००३च्या आदेशानुसार खास परवाना लागतो. मोजणी तिथेच करा, आकडे घेऊन या. मीटर मात्र इथून नेत असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्काकडे त्याची नोंद करून घ्या, म्हणजे परतताना नवीन खरेदी समजून कर लावणार नाहीत.

## ३. सोबत काय न्यायचं

हाताने धरायचा मीटर (सिंटिलेशनचा, म्हणजे किरण पडल्यावर चमकणाऱ्या स्फटिकाचा, असेल तर उत्तम, स्वस्त गायगर काउंटर फक्त ‘इकडे जास्त, तिकडे कमी’ एवढंच सांगतो, मातीतलं युरेनियम वेगळं आणि थोरियम वेगळं नाही). जीपीएस किंवा फोन. स्टीलचं खोरं आणि माती काढायचा ऑगर. मोजपट्टी. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येक नमुन्याला दोन. झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटल्या, कशाला ते पुढे येईल. शिसपेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या, कारण मार्करची शाई ओल्या पिशवीवरून पुसली जाते. धुळीचे चांगले मास्क, साधे कापडी नव्हेत. हातमोजे. ब्रश आणि पुसायचं फडकं, दोन नमुन्यांमध्ये खोरं साफ करायला.

थोडे शब्दही न्या. धहाबू म्हणजे सोनं, झेबाकी म्हणजे पारा, उडोंगो म्हणजे माती, म्चांगा म्हणजे वाळू, शिमो म्हणजे खड्डा. मिगोरीत घरी लुओ किंवा कुरिया बोलतात, पण स्वाहिली सगळ्यांना चालते. वयस्कर माणसाला ‘म्झे’ आणि बाईला ‘मामा’ म्हणून हाक मारली की बोलणं सुरू होतं.

## ४. खोरं हातात घेण्याआधी खाण समजून घ्या

या टप्प्याला घाई केलीत तर पुढचं महागडं यंत्र वाया गेलं असं समजा.

पहिला दिवस नमुना न घेता फिरा आणि दगडाचा प्रवास बघा. खड्ड्यातून दगड वर येतो. हातोड्याने फोडतात, हे काम बहुतेक बायका करतात. मग गिरणीत त्याची भुकटी होते. भुकटी पाण्याबरोबर उतरत्या लाकडी पाटावरून सोडतात, पाटावर गालिच्याचे तुकडे अंथरलेले असतात. जड कण गालिच्यात अडकतात, हलके वाहून खालच्या डबक्यात जातात. गालिचे झटकून निघालेला जड गाळ घमेल्यात पाऱ्याबरोबर कालवतात, पारा सोन्याला धरतो, आणि तो गोळा विस्तवावर तापवून पारा उडवतात. आपल्याकडचे झारेकरी सराफाच्या दुकानापुढची धूळ धुतात, तेच तंत्र, फक्त दगडापासून सुरू होणारं. उरलेला चोथा फेकला जात नाही. त्यात अजून सोनं असतं, म्हणून सायनाइडने ते काढणारे लोक तो विकत घेतात.

आता किरणोत्साराच्या नजरेने हेच पुन्हा बघा. क्वार्ट्झची घनता साधारण २.६५, झिरकॉन आणि मोनाझाइटची साडेचार-पाचच्या घरात. खडकात ही खनिजं असतील तर ती सोन्याबरोबर गालिच्यात अडकतात, आणि थोरियम व काही युरेनियम त्यांच्यातच असतं. पोटॅशियम अभ्रक, फेल्डस्पार आणि चिकणमातीत असतं, ते बारीक होऊन डबक्यात जातं. म्हणजे धुलाईचा पाट फक्त सोनं वेगळं करत नाही, तुमचे तीन मूलद्रव्यांचे आकडेही वेगळे करतो. गालिच्याच्या काळ्या वाळूत थोरियम चढलेलं आणि पोटॅशियम उतरलेलं दिसू शकतं, डबक्याच्या गाळात त्याच्या उलट. दोन्ही एकाच पिशवीत टाकलेत तर काहीच दिसणार नाही.

म्हणून नकाशा काढा. साधा, वहीत, पण या जागा त्यावर हव्यात:

- चालू खड्डे आणि त्यांच्या तोंडाशी टाकलेला निरुपयोगी दगड
- फोडणीची जागा आणि गिरणी
- पाट, गालिचे झटकायची जागा, डबकं
- पारा जाळायची जागा
- चोथ्याचे ढीग, ताजे आणि जुने वेगळे
- सायनाइडच्या टाक्या असतील तर त्या
- घरं, शेतं, शाळा, पाण्याची जागा
- वारा कुठून येतो, पाणी कुठे उतरतं

ढीग कोणत्या खड्ड्याचा आहे हे विचारायला विसरू नका. चोथा विकत घेऊन दुसरीकडून आणलेला असू शकतो, आणि मग तुम्ही इथल्या खडकाबद्दल जे बोलाल ते वीस किलोमीटर दूरच्या खडकाचं असेल. मिगोरीत माकॅल्डरची मोठी जुनी खाण १९६६मध्ये बंद झाली. तिचा चोथा आणि आजच्या छोट्या खड्ड्यांचा चोथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खड्ड्यात उतरू नका. लाकडी टेकू, कडेची भुसभुशीत माती, खाली हवा नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. खालचा दगड वर मागून घ्या.

## ५. पार्श्वभूमीचे नमुने

बहुतेकांचं चुकतं ते इथे, म्हणून वेगळं शीर्षक दिलंय.

पार्श्वभूमी म्हणजे खाणकामाचा हात न लागलेल्या जमिनीतला मूळचा किरणोत्सार. खाणीचे पंधरा नमुने आणि पार्श्वभूमीचा एक, तोही परतताना रस्त्याकडेला घेतलेला, असं चालणार नाही. पार्श्वभूमीच्या जागा निदान चार-पाच घ्या, आणि त्या खाणीखालच्याच प्रकारच्या खडकावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, उताराच्या वर, न खणलेल्या जमिनीवर असू द्या. भूवैज्ञानिक नकाशा जवळ हवाच. खाण ग्रॅनाइटजवळ आणि पार्श्वभूमी काळ्या ज्वालामुखी खडकावर घेतलीत तर खाणकामाने किरणोत्सार वाढवला असं खोटंच सिद्ध होईल.

रस्त्याकडेची माती टाळा, तिथे बाहेरून आणलेला मुरूम असतो. खत टाकलेलं शेतही टाळा, फॉस्फेट खतात युरेनियम आणि पोटॅश खतात पोटॅशियम असतं. आणखी एक, खास या भागाचं. शेजारच्या होमा बे काउंटीत होमा डोंगर आणि रुरी टेकड्यांमध्ये कार्बोनेटाइट खडक आहेत, त्यांत थोरियम निसर्गतःच जास्त असतं. केनियाच्या किनाऱ्याकडची म्रिमा टेकडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिकडून पार्श्वभूमी घेतलीत तर उलटा घोटाळा होईल आणि खाण अगदी निर्मळ दिसेल.

## ६. नमुना घेणं

हंगाम बघून जा. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर बरा. पाऊस पडून गेल्यावर लगेच मीटर धरू नका: जमिनीतून हवेत येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची अपत्यं (त्याच्या विघटनातून होणारी मूलद्रव्यं) पावसाबरोबर खाली येतात आणि आकडा काही काळ वर जातो. तीन-चार तासांत ती विझतात.

प्रत्येक ठिकाणी:

- एक मीटरचा चौरस आखा. चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागांवरून माती घ्या.
- वरचा पाला-गवत बाजूला करून ० ते १५ सेंटिमीटर खोली. चोथ्याच्या ढिगाला पृष्ठभाग आणि खोल असे दोन वेगळे नमुने.
- पाचही जागांची माती प्लॅस्टिकच्या कापडावर एकत्र करा, दगड-मुळं काढा, नीट कालवा, दीड-दोन किलो पिशवीत.
- चिठ्ठी दोन: एक आतल्या आणि बाहेरच्या पिशवीच्या मध्ये, एक बाहेर. क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, जागेचा प्रकार.
- जमिनीपासून एक मीटरवर मीटर धरून आकडा लिहा. पाच-सहा वाचनं घेऊन सरासरी.
- काचेच्या बाटलीत मूठभर माती वेगळी. ही शिसं, आर्सेनिक आणि पाऱ्यासाठी.

या बाटलीबद्दल आग्रहाने सांगते. नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात २०१०मध्ये सोन्याचा दगड गावात, घरांच्या आसपास दळल्यामुळे चारशेहून अधिक मुलं दगावली. कारण किरणोत्सार नव्हता. त्या दगडात शिसं होतं. तुम्ही एवढ्या लांब जाऊन, परवाने काढून, माती खणणार आणि फक्त बेकरेल (किरणोत्साराचं एकक, सेकंदाला एक विघटन) मोजून परत येणार, हे मला पटत नाही. बाटलीभर जास्तीच्या मातीला काही पडत नाही.

## ७. वाळवणं, दळणं, सील करणं

आधी हवेत वाळवा, मग भट्टीत १०५ ते ११० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत. दळा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा.

इथे एक गंभीर सापळा. पारा जाळायच्या जागेची आणि घमेल्याखालची माती भट्टीत टाकली की पाऱ्याची वाफ प्रयोगशाळेत पसरते. असे नमुने धूर खेचणाऱ्या कपाटाखालीच वाळवा, आणि तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगा. एका प्रयोगशाळेत मला ‘माती म्हणजे माती’ असं ऐकवून सगळ्या पिशव्या एकाच भट्टीत ढकलायला निघाले होते. तिथे वाद घालावाच लागला. काचेच्या बाटलीतली पाऱ्याची माती तर तापवायचीच नाही, नाहीतर मोजायला पारा उरणारच नाही. दळताना मास्क हवा. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसाला किरणोत्साराआधी गाठते.

नंतर वजन करून मोजणीच्या डब्यात भरा: मॅरिनेली बीकर (शोधकावर टोपीसारखा बसणारा डबा) किंवा ठरावीक मापाचा दंडगोल डबा. काठोकाठ भरा, वर पोकळी ठेवू नका, कारण रेडॉन त्या पोकळीत जाऊन बसतो. झाकणाच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी, वरून चिकटपट्टी. पातळ पिशवीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात रेडॉन थांबत नाही.

मग थांबा. निदान चार आठवडे. युरेनियमच्या विघटनमालिकेतल्या रेडियम-२२६पासून रेडॉन-२२२ तयार होतो, त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) ३.८ दिवस. वाळवता-दळताना तो निसटलेला असतो. सील केल्यावर सात अर्धायुष्यांत, म्हणजे सत्तावीस दिवसांत, तो पुन्हा रेडियमच्या तोडीला ९९ टक्क्यांपर्यंत येतो. आपण रेडियम मोजतो ते त्याच्या पुढच्या अपत्यांवरून. पंधराव्या दिवशी मोजलंत तर आकडा कमी येईल आणि का ते कळणार नाही. परतीचं तिकीट हे महिनाभर धरूनच काढा.

## ८. मोजणी

गॅमा किरण मोजायला जर्मेनियमचा शोधक मिळाला तर तोच घ्या. सोडियम आयोडाइडचा स्वस्त आणि कार्यक्षम आहे, पण वर्णपटातली शिखरं एकमेकांत मिसळतात. त्याच्यावर तीन खिडक्या (ऊर्जेचे ठरावीक पट्टे) धरून काम भागवता येतं. भोवती दहा सेंटिमीटर शिशाचं कवच हवं.

बघायची शिखरं, किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये:

- रेडियम-२२६साठी: शिसं-२१४चं ३५१.९ आणि बिस्मथ-२१४चं ६०९.३. सोडियम आयोडाइड असेल तर १७६४.५.
- थोरियम-२३२साठी: अ‍ॅक्टिनियम-२२८चं ९११.२ आणि थॅलियम-२०८चं ५८३.२. सोडियम आयोडाइडला २६१४.५.
- पोटॅशियम-४०साठी: १४६०.८.

१८६ला रेडियमचं स्वतःचं शिखर दिसतं आणि मोह होतो. त्यावर युरेनियम-२३५चं १८५.७ बसलेलं असतं. दुरुस्ती येत नसेल तर सोडून द्या.

शोधकाची कार्यक्षमता (आलेल्या किरणांपैकी किती मोजले जातात) ठरवायला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे आरजीयू-१ (युरेनियम-२३८, ४९४० बेकरेल प्रति किलो), आरजीटीएच-१ (थोरियम-२३२, ३२५०) आणि आरजीके-१ (पोटॅशियम-४०, १४०००) हे संदर्भ नमुने वापरतात. ते त्याच डब्यात, त्याच उंचीपर्यंत भरलेले असले पाहिजेत. गालिच्याची काळी वाळू घनतेने खूप जड असते, कमी ऊर्जेचे किरण ती स्वतःच गिळते; तिच्यासाठी ६००च्या वरच्या शिखरांवर विसंबा. रिकाम्या डब्याची पार्श्वभूमी नमुन्याइतकाच वेळ मोजा. वेळ शक्यतो चोवीस तास. यंत्राची रांग लांब असली की लोक दोन तासांवर भागवतात; मग ९११चं शिखर पार्श्वभूमीच्या चढउतारात बुडतं आणि तुम्ही अंदाज मोजत बसता.

तीव्रता (बेकरेल प्रति किलो) = निव्वळ गणती ÷ (कार्यक्षमता × त्या किरणाचं प्रमाण × सेकंद × किलो).

शिखर दिसलंच नाही तर शून्य लिहू नका. त्या मोजणीची किमान शोधमर्यादा काढा आणि ‘त्याहून कमी’ असं लिहा.

शब्दांची शिस्तही इथेच. बिस्मथवरून काढलेला आकडा रेडियम-२२६चा आहे. तो युरेनियम-२३८चा म्हणून खपवू नका. न हललेल्या खडकात दोघं सारखे असतात हे खरं, पण दळलेल्या, धुतलेल्या, सायनाइडच्या टाकीतून गेलेल्या चोथ्यात युरेनियम विरघळून पुढे जाऊ शकतं आणि रेडियम मागे राहतं. तक्त्याचा मथळा ‘रेडियम-२२६’ असाच ठेवा.

## ९. आकड्यांवरून मात्रा

जमिनीपासून एक मीटरवरचा मात्रादर, नॅनोग्रे प्रति तास (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचं एकक):

०.४६२ × रेडियम + ०.६०४ × थोरियम + ०.०४१७ × पोटॅशियम

समजा एका ढिगाचे आकडे ४०, ६० आणि ६०० बेकरेल प्रति किलो आले. १८.५ + ३६.२ + २५.० म्हणजे सुमारे ८० नॅनोग्रे प्रति तास. बाहेरच्या हवेतला जागतिक सरासरी दर ५९ धरतात.

वार्षिक मात्रा काढताना सगळे डोळे मिटून ८७६० तास × ०.२ × ०.७ वापरतात. वरच्या उदाहरणात ते ०.१० मिलिसिव्हर्ट येतं. ०.७ हा ग्रेवरून सिव्हर्टवर (शरीरावरच्या परिणामाच्या एककावर) जायचा गुणक. ०.२ म्हणजे माणूस वेळेच्या पाचव्या हिश्शात घराबाहेर असतो असं गृहीत. ढिगावर दगड फोडणारी बाई तिथे वर्षाला २४०० तास काढत असेल तर ८० × २४०० × ०.७, म्हणजे सुमारे ०.१३. फरक मोठा नाही, पण खरा आहे, आणि तो तास विचारल्याशिवाय कळत नाही.

चोथा बांधकामाला वापरत असतील तर रेडियम-समतुल्य, म्हणजे तिन्ही मूलद्रव्यांचा मिळून एक आकडा, काढा: रेडियम + १.४३ × थोरियम + ०.०७७ × पोटॅशियम. मर्यादा ३७० बेकरेल प्रति किलो. आपल्या उदाहरणात १७२.

मीटरचा आकडा आणि हा हिशोब जुळत नाहीत म्हणून घाबरणारे बरेच. मीटरला वरून येणारे विश्वकिरणही दिसतात, आणि सरोवराचा काठच समुद्रसपाटीपासून ११३० मीटरच्या वर आहे. मातीच्या हिशोबात ते नसतात.

## १०. निकाल लिहिताना आणि सांगताना

मातीची जागतिक मध्यक मूल्यं रेडियम ३५, थोरियम ३०, पोटॅशियम ४०० बेकरेल प्रति किलो. यांच्यावर गेलं की ‘प्रदूषण’ असं लिहायची फार घाई होते. मध्यक म्हणजे अर्धं जग त्याच्या वरच असणार. थोरियमचा नेहमीचा पल्लाच ११ ते ६४ आहे. तुलना करायची ती तुमच्या पार्श्वभूमीच्या नमुन्यांशी, आणि तीही जागांच्या प्रकारानुसार: ढीग वेगळे, डबकी वेगळी, काळी वाळू वेगळी, शेतं वेगळी.

१ मिलिसिव्हर्टची सार्वजनिक मर्यादाही अशीच चुकीच्या ठिकाणी चिकटवतात. ती माणसाच्या कामामुळे पार्श्वभूमीवर पडणाऱ्या भरीला आहे. निसर्गाकडूनच प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त रेडॉनचे. म्हणून ढिगाच्या आकड्यातून पार्श्वभूमी वजा करा आणि मग बोला. युरेनियम-थोरियम मालिकेत १००० बेकरेल प्रति किलोच्या वर काही आलं, आणि काळ्या वाळूत ते येऊ शकतं, तर मात्र नियामकाला कळवण्याचा विषय होतो.

मातीचे आकडे कमी आले म्हणून खड्डा सुरक्षित, असंही लिहू नका. बंद खड्ड्यात रेडॉन साचतो आणि तो मातीच्या पिशवीतून कळत नाही. त्यासाठी सीआर-३९च्या (किरणांचे माग टिपणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पट्ट्या काही महिने टांगून ठेवाव्या लागतात. कामाच्या जागेचा संदर्भस्तर १००० बेकरेल प्रति घनमीटर आहे.

गावात सांगताना ‘किरणोत्सार’ हा शब्द सुटा टाकू नका. तो ऐकला की चोथ्याचा भाव पडतो, आणि ज्या घरांचं पोट त्यावर आहे त्यांना पहिला फटका बसतो. खाणगटाच्या बैठकीत, स्वाहिलीत किंवा लुओत, एका पानावर सांगा: कुठला ढीग नेहमीसारखा, कुठला वेगळा, घर लिंपायला कुठली माती नको. त्याच पानावर पारा आणि शिशाचे आकडे द्या. बहुतेक वेळा लोकांनी काही बदलायला हवं असेल तर ते तिथेच असतं: पारा घरात जाळू नका, गिरणी घरापासून लांब ठेवा, कामाचे कपडे घालून बाळाला घेऊ नका.

सील केलेले डबे प्रबंध मंजूर होईपर्यंत यजमान प्रयोगशाळेत ठेवायची लेखी परवानगी घ्या. परीक्षकाने एखादा आकडा पुन्हा मोजायला सांगितला तर तेच डबे लागतील.